खिशातला चाकू

कोपरखैरण्यातल्या माथाडीची पोर पोलिश कशी शिकली, हे लोक मला अजूनही हसत हसत विचारतात आणि मला अजूनही त्या हसण्याची चीड येते. जर्मन शिकले असते तर कोणी हसलं नसतं. एखाद्या प्राध्यापकाच्या मुलीनं पोलिश शिकून घेतलं असतं तर तिच्या व्यासंगाचं कौतुक झालं असतं. माझ्या बाबतीत मात्र सगळ्यांना आधी गंमत वाटते आणि मग संशय येतो, की ही बाई थापा मारते आहे. तर एकदाच लिहून टाकते. मी पोलिश रॅप ऐकून शिकले, कारण क्लास लावण्याची ऐपत नव्हती आणि कंपनीनं दिलेल्या पुस्तकात काकूंची छत्री कुठे आहे याखेरीज काही नव्हतं. त्या पुस्तकातली माणसं कधी दमत नसत, कधी चिडत नसत, सारखी एकमेकांना कॉफी पाजत. अशी माणसं मी तोवर पाहिलेली नव्हती.

आमचं घर म्हणजे माथाडींसाठी बांधलेल्या वसाहतीतली एक खोली, मागे स्वयंपाकघर आणि कोपऱ्यात मोरी. आबा कांदा-बटाटा मार्केटात गोण्या उचलायचे. पहाटे जायचे आणि दुपारी परतायचे, तेव्हा त्यांच्याआधी कांद्याचा वास घरात शिरायचा. आई म्हणायची, कांदा चिरायच्या आधीच या घरात डोळ्यांना पाणी येतं. आबा आंघोळ करून चटईवर पालथे झोपायचे आणि आई त्यांच्या पाठीला तेल चोळायची. मणक्याच्या दोन्ही बाजूंना त्यांच्या पाठीला घट्टे पडले होते, टाचेला पडतात तसे. मग आई तव्यावर मिरच्या, लसूण आणि शेंगदाणे भाजून पितळी तांब्याच्या बुडानं तव्यातच खर्डा रगडायची. त्या खरखर आवाजात आणि ठसक्यात माझा अभ्यास चालायचा. मी महाप्याच्या एका कंपनीत सकाळच्या पाळीत माहिती भरायचं काम करत होते. तिथल्या फळ्यावर एक दिवस कागद लागला, की सहा महिन्यांनी पोलिशचं टेबल सुरू होणार आहे, भाषा येणाऱ्यांना आधी घेऊ. त्या टेबलावर कायम नोकरी होती. आबांच्या पाठीनं तेव्हाच हात टेकायला सुरुवात केली होती आणि घरात दुसरं कमावणारं कोणी नव्हतं. मला ती नोकरी हवी होती, एवढंच.

ज्याची गाणी मी ऐकायचे, त्याचं नाव सांगत नाही. तो आता म्हणे जाहिराती करतो. तेव्हा तो कुठल्याशा खाणीच्या गावात, एकसारख्या करड्या इमारतींच्या वस्तीत राहायचा आणि तिथलंच सांगायचा. गाण्याचे शब्द फोनवर वाचायला मिळायचे. मी एक ओळ दहा वेळा ऐकायचे, शब्द शब्दकोशात शोधायचे आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर मोठ्या अक्षरांत लिहून ओट्याच्या वर चिकटवायचे. मला आलेला पहिला पोलिश शब्द 'बेतॉन', म्हणजे काँक्रीट. दुसरा 'ख्लेप', म्हणजे पाव, त्यांची भाकरी. तिसरा 'प्लेत्सी', पाठ. आई भाकरी थापता थापता वर बघून वाचायची, "बेतॉन, खलेप, पलेत्सी." मग म्हणायची, "आगं, हे शिकायला परदेशात कशाला जायाचं? हे तर आपल्या घरातच हाय." आईला लिहिता जेमतेम यायचं, पण त्या भिंतीवरचे साठेक शब्द तिला पाठ झाले होते. कंपनीतल्या चौघीजणी मुंबईत क्लासला जायच्या. त्यांना काकूंची छत्री यायची. माझ्या आईला पाठ आणि भाकरी यायची.

आबांना सुरुवातीला तो आवाज सोसला नाही. पालथे पडल्या पडल्या म्हणाले, "ह्यो गडी भांडतोय कुणाशी?" मी म्हटलं, गाणं आहे. मग दोन-तीन दिवस त्यांनी नुसतं ऐकलं. एका दुपारी म्हणाले, "गाणं न्हाय ते. दम राखून बोलतोय त्यो. गोणी घिऊन फळीवरनं चढताना असंच बोलावं लागतंय, एका दमात जेवढं मावंल तेवढंच." रॅपबद्दल पुढे मी पुष्कळ शहाण्यासुरत्या माणसांनी लिहिलेलं वाचलं. इतकं नेमकं कोणी लिहिलेलं मला सापडलेलं नाही.

शब्द शब्दकोशात सापडायचे, पण शब्दांच्या आडून तो जे बोलायचा ते सापडायचं नाही, आणि खरी भाषा तिथेच होती. तो म्हणायचा, मी मांस फेकतो. मी दोन दिवस खाटकाच्या दुकानात अडकून पडले. मग कळलं, मांस फेकणं म्हणजे शिव्या देणं. आपण शिव्यांची लाखोली वाहतो, ते मांस फेकतात. तो म्हणायचा, त्यांनी मला घोडा केला. म्हणजे फसवलं, आपल्याकडे मामा करतात. तो म्हणायचा, याला पाठ आहे. म्हणजे त्याचा कोणी वशिला आहे. हे कळलं तेव्हा मी आबांच्या पाठीकडे बघत राहिले, इतकी मोठी पाठ असून या माणसाला कुठे काही पाठ नव्हती. आणि एका गाण्यात तो पुन्हा पुन्हा म्हणायचा, माझ्या खिशात चाकू उघडतो. चाकू आपोआप उघडतो, हा माणूस तो उघडत नाही. मला वाटलं, आता हा कोणाला तरी भोसकणार. तर पुढच्या ओळीत तो नुसता दारात उभा राहून बापाचे बूट पुसतो आहे. चार-पाच ठिकाणी शोधल्यावर उलगडा झाला. अन्याय बघून माणसाचा इतका संताप होतो, की त्याचा चाकूच त्याच्याआधी चिडतो, असं ते म्हणणं. खिशात चाकू असायचीही गरज नाही. आपल्या तळपायाची आग मस्तकात जाते, तसलंच. मी ते वाक्य लाल पेनानं लिहून सगळ्यात वर लावलं, कारण इतकं माझं स्वतःचं वाटलेलं वाक्य तोवर मला कुठल्याच भाषेत मिळालेलं नव्हतं.

त्याच दिवसांतली एक संध्याकाळ इथे सांगितली पाहिजे. आबांच्या टोळीचे मुकादम सोपानकाका आमच्याकडे जेवायला आले होते. त्याच सकाळी एक जण आलेला नसताना त्यांनी टोळीला जादा गाडी खाली करायला लावली होती आणि आबांनी पाठीवर गोणी असताना, सगळ्या गाळ्यासमोर, तुला याच कांद्यात गाडतो असं त्यांना ऐकवलं होतं. आई संकोचानं वाढत होती. काका मात्र खर्ड्यावर तेल ओतून घेत मजेत जेवत होते. मी न राहवून विचारलं, "काका, तुम्हाला राग नाय आला?" ते म्हणाले, "पोरी, पाठीवर गोणी असताना माणूस जे बोलतो ते धरायचं नसतं. गोणी उतारली की शिवी बी उतारली. हे ज्यानं धरलं त्यो मुकादम न्हवं, त्यो चुगलखोर." आबा मान खाली घालून भाकरी कुस्करत हसत होते. मार्केटात ही रीत सगळे पाळायचे. व्यापारीसुद्धा. मी लहानपणापासून ती ऐकत आले होते, म्हणून मला तिचं कधी काही वाटलं नाही.

सहा महिन्यांनी मी कंपनीनं घेतलेली भाषेची परीक्षा पास झाले आणि पोलिशच्या टेबलावर बसले. तिथे बसल्यावर पहिलं काय झालं, तर माझं नाव काढून घेतलं. तिकडच्या लोकांना जड जाऊ नये म्हणून प्रत्येकाला एक नाव द्यायचे. मी मोनिका झाले. आमचे टीम लीडर राजेश सर पॅट्रिक झाले. काम असं, की पोलंडमधल्या एका मालगोदामाचे फोन रेकॉर्ड व्हायचे, कार्यालयातला माणूस आणि माल चढवणारे-उतरवणारे कामगार यांच्यातले. ते ऐकून आम्ही इंग्रजीत उतरवायचे आणि एक फॉर्म भरायचा. धमकी, हो की नाही. शस्त्राचा उल्लेख, हो की नाही. खाली शेऱ्याची एक रिकामी चौकट. आपण कामगारांची चहाडी करायला बसलो आहोत, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. कळलं नव्हतं असं मी इथे लिहिणार नाही.

दुसऱ्या महिन्यात एक कामगार म्हणाला, मला घोडा केलंत. मी वाक्य उतरवलं आणि शेऱ्यात लिहिलं, की याचा अर्थ फसवलं असा होतो. राजेश सरांनी मला सगळ्यांसमोर उभं केलं. "वैशाली, हा काय कवितेचा तास नाहीये. शब्दाला शब्द, बस. क्लायंटने तुला अर्थ विचारला का? नाही ना? मग का उगाच डोकं लावतेस?" माझे गुण कापले गेले. हॉलमधल्या पडद्यावर माझं नाव आठवडाभर लाल अक्षरांत राहिलं. क्लासवाल्या चौघींची नावं हिरवी होती, कारण त्यांना घोडा हा घोडाच वाटला होता. अडाणीपणाचं बक्षीस आणि समजण्याची शिक्षा, असा तो हिशेब होता. आज मी बेलापूरला कोर्टकचेरीचे कागद भाषांतर करते आणि प्रत्येक कागदाखाली इतक्या टिपा देते, की वकील वैतागतात. वैतागोत.

मला कायम करायचं की नाही, हे ज्या आठवड्यात ठरणार होतं, त्याच आठवड्यात ते रेकॉर्डिंग माझ्याकडे आलं. दारेक नावाचा कामगार होता. माणूस पन्नाशीचा असावा. कार्यालयातला पोरगा त्याला सांगत होता, की जोडीदार आलेला नाही, तरी पुढची गाडी एकट्यानंच खाली कर. दारेकच्या मागे लोखंडी चाकांचा आवाज येत होता. तो चालत होता, वजन घेऊन चालत होता, हे मला त्याच्या श्वासावरून कळत होतं. एका दमात मावतील तेवढेच शब्द तो बोलत होता. तो म्हणाला, तिसऱ्यांदा हे होतंय. तो म्हणाला, मी पण माणूस आहे. आणि मग म्हणाला, तुमचं ऐकून माझ्या खिशात चाकू उघडतो. दारेक काहीतरी खाली ठेवताना कण्हला आणि म्हणाला, पाठव गाडी. म्हणजे तो ती गाडी खाली करणारच होता.

मी शेऱ्याच्या चौकटीत टाइप केलं, 'ही बोलण्याची पद्धत आहे, धमकी नाही.' मग मी हॉलमधल्या पडद्याकडे बघितलं. राजेश सर मागे येऊन उभे होते. त्यांनी वाक्य वाचलं आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "त्याने चाकू म्हटलं की नाही म्हटलं?" मी म्हटलं, "म्हटलं सर, पण..." "मग टेन्शन कसलं? जे म्हटलं ते भर. परवा तुझं कन्फर्मेशन आहे, त्यावर सही माझी लागते." ते निघून गेले. त्यांनी मला जबरदस्ती केली नाही, हात धरून काही लिहून घेतलं नाही. मी स्वतः ती चौकट पुसली. धमकी, हो. शस्त्राचा उल्लेख, हो. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली असं मी मराठीत म्हटलं असतं, तर कोणी अग्निशमन दलाची गाडी बोलावली नसती. हे मला कळत होतं. कळत असताना मी बटण दाबलं.

चार दिवसांनी हॉलमध्ये केक आणला. क्लायंटकडून मेल आला होता, की मोनिकाच्या सतर्कतेमुळे कामाच्या जागी एक धोकादायक माणूस वेळीच ओळखता आला आणि त्याला त्याच दिवशी कामावरून काढण्यात आलं. राजेश सरांनी मेल मोठ्यानं वाचला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझं नाव, म्हणजे मोनिकाचं नाव, हिरव्या अक्षरांत सगळ्यात वर होतं. त्याच दिवशी कायम झाल्याचं पत्रही हातात पडलं. मी केक खाल्ला. तो अननसाचा होता आणि मला दोनदा दिला. ज्यांचा मला आज सर्वांत जास्त राग येतो त्या माणसांची यादी केली, तर राजेश सर त्यात फार वर येत नाहीत. ती केक खाणारी मुलगी येते.

रविवारी आईनं मटण केलं होतं, माझ्या पत्राच्या आनंदात. आबा खुशीत होते. म्हणाले, "आता सांग, काय पराक्रम केलास म्हणून केक कापला?" मी हसत सांगायला लागले. मला वाटत होतं, की हसत सांगितलं तर निभेल. चाकूपर्यंत आले आणि आबांनी घास ताटात ठेवला. भिंतीवरच्या लाल अक्षरांचा अर्थ मीच त्यांना महिनाभर कौतुकानं सांगितला होता.

"तवा त्याच्याकडं ओझं होतं?" त्यांनी विचारलं.

"होतं."

"तुला कसं कळलं?"

"श्वासावरून."

आबांचा आवाज चढला. माझ्यावर त्यांनी आयुष्यात तोवर आवाज चढवला नव्हता. "तीस वरसं मी त्या बाजारात मुकादमाला, शेटला, कुणाकुणाला काय काय बोललोय. त्यातलं एक जरी कुणी लिवून ठिवलं असतं, तर तुझी शाळा झाली असती का? तुझे कागद चिकटवायला ही भिंत असती का?" आई म्हणाली, "अवो, जेवताना नगा." ते म्हणाले, "मला न्हाय जायाचं हे घशाखाली." त्यांनी ताटात हात धुतला. आमच्या घरात भरल्या ताटात कोणी हात धुतलेला मी पहिल्यांदा पाहिला. मला त्यांचाही राग आला, खोटं कशाला सांगू. तुमच्या पाठीसाठीच केलं, असं मी ओरडून म्हणाले. ते उठता उठता म्हणाले, "माझ्या पाठीचं नाव घिऊ नगंस. बाजारात आपल्यामुळं कुणाची रोजी गेली, तर आपुन त्याच्या दारात जाऊन त्वांडानं सांगतो, मी केलं म्हून. जोडं खायाचं तर खायाचं. तू त्याला सांग जा."

मी आधी राजेश सरांकडे गेले आणि फॉर्म दुरुस्त करून पाठवा म्हणाले. ते म्हणाले, केस बंद झाली, आता उघडली तर तुझं कन्फर्मेशनपण उघडेल. त्यांच्या टेबलावरून माझ्या टेबलापर्यंत येताना त्या हॉलमधली प्रत्येक वस्तू उचलून फेकावी असं मला वाटत होतं. रेकॉर्डिंगच्या माथ्यावर दारेकचा नंबर होता. दुपारी, सगळे कॅन्टीनला गेलेले असताना, मी माझ्याच टेबलावरून तो लावला.

त्यानं उचलला. मी म्हटलं, माझं नाव वैशाली, मी भारतातून बोलते आहे, गोदामातले तुमचे फोन आम्ही ऐकतो, त्या दिवशीचा मी ऐकला होता आणि तो फॉर्म मी भरला. पोलिशमध्ये अनोळखी बाईशी अदबीनं बोलायची एक रीत असते. मी ती गाण्यांत कधी ऐकली नव्हती. दारेकनं ती शेवटपर्यंत सोडली नाही. मी सपाटून मांस फेकलं जाण्याची तयारी ठेवली होती. माफीची चार वाक्यं मी कागदावर लिहूनही आणली होती. त्यानं ती ऐकली. मग शांतपणे विचारलं, की आपण पोलिश कुठे शिकलात. मी म्हटलं, गाण्यांतून, रॅपमधून. कोणाच्या, म्हणून विचारलं. मी नाव सांगितलं. तो म्हणाला, माझा मुलगा ऐकतो. मी विचारलं, दुसरं काम मिळालं का. तो म्हणाला, चाकूवाल्याला कोण ठेवणार.

या वेळी त्याच्या श्वासात काही ओझं नव्हतं.

"म्हणजे खिशात चाकू उघडतो याचा अर्थ आपल्याला माहीत होता?"

"हो."

"मला वाटत होतं, कोणीतरी परकं माणूस असेल, त्याला कळलं नसेल," तो म्हणाला. "इतके दिवस मी घरी तसंच सांगत होतो."

त्यानं फोन ठेवला. कॅन्टीनमधून सगळे परत आले. मी पुढचं रेकॉर्डिंग लावलं आणि त्या टेबलावर आणखी सहा वर्षं बसले.